वाचल्याची खूण

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी जीप दारात उभी होती. बॅगा टपावर बांधून झाल्या होत्या, शेजारच्या बायका ओटी भरायला खोळंबल्या होत्या, आणि बाबा म्हणाले, "चल, आधी वाचनालयात जाऊन येऊ." निरोप घ्यायला नव्हे. माझ्याकडे एक कादंबरी राहिली होती, ती परत करायला.

धाकट्या भावाच्या, विनूच्या हाती ती पाठवता आली असती. पण बाबा आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह होते, आणि कार्यवाहांच्या मुलीनं वाचनालयाचं पुस्तक मागे टाकून परदेशी जावं हे त्यांना पटणं शक्य नव्हतं. सोलापूरकडचं ऊन. हातात हिरवा चुडा आणि काखेत पुस्तक अशी मी त्यांच्यामागून बाजारपेठेतून चालत गेले. पुस्तक जमा झालं. मग बाबांनी ग्रंथपालांना सांगितलं, "हिचं सभासदत्वही बंद करा." माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "जाणाऱ्यानं आपली जागा मोकळी करून जावं. सभासद व्हायला माणसं थांबलीत."

मला ते झोंबलं. अजून झोंबतं. मुलगी साता समुद्रापार चाललीय आणि बापाला थांबलेले सभासद दिसतात. ते प्रेमानंच म्हणाले असतील, पण आमच्या घरात प्रेम ओळखायला अक्कल लागायची, आणि ती मला त्या दिवशी नव्हती.

आमच्याकडे मुक्तद्वार होतं, म्हणजे सभासदानं स्वतः कपाटापर्यंत जाऊन पुस्तक घ्यायचं आणि ठेवायचं. ती कादंबरी मीच तिच्या जागी ठेवली. बाबांनी मागून हात घालून शेजारच्या पुस्तकांच्या पाठी एका रेषेत आणल्या आणि लहानपणापासून ऐकवलेलं वाक्य परत एकदा ऐकवलं: "पुस्तक असं ठेवावं, की कुणी हात लावला होता असं वाटू नये."

मी ते वाक्य बरोबर घेऊन आले. आईही पुढे ते घेऊन आली. बॅगेत लोणची आणली असती तर निदान खाऊन संपली असती.

इथे आले तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती, नोकरीची परवानगी नव्हती आणि बोलायला माणूस नव्हतं. अटलांटाच्या उत्तरेला, अल्फारेटाच्याही पुढे, नुकतंच वसत असलेलं हे उपनगर. नवरा सकाळी गाडी घेऊन गेला की घरात मी आणि फ्रिजचा आवाज. चालत जाण्यासारखी जागा एकच होती. आमच्या वसाहतीच्या मागच्या फुटपाथनं गेलं की तळ्यापाशी पब्लिक लायब्ररी. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी घराचा पत्ता असलेला एक कागद बघितला आणि कार्ड दिलं. ओळखीच्या सभासदाची सही मागितली नाही, कुणाची कोण म्हणून विचारलं नाही. एका वेळी किती पुस्तकं नेता येतात असं मी विचारलं तर म्हणाल्या, उचलतील तेवढी. आमच्या गावी एक पुस्तक आणि एक मासिक, त्यातही मासिक आधी परत करा. मी त्या दिवशी अधाशासारखी पुस्तकं उचलली, वाटेत हात भरून आले म्हणून तळ्याकाठी बसले आणि तिथेच रडले. बाबांनी मोकळी करायला लावलेली जागा मला इथे न मागता मिळाली होती.

त्याच लायब्ररीत मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेचं पुस्तक पाठ केलं. तिथल्याच कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकून नोकरी धरली. तिथल्याच स्टोरी टाइमला माझी मुलगी ईशा मांडी घालून ऐकायला शिकली. तुम्ही जे तिकडे राहिलात, तुम्हाला वाटतं अमेरिकेनं आम्हाला डॉलर दिले. डॉलर आम्ही मान मोडून कमावले. अमेरिकेनं मला काही आपणहून दिलं असेल तर ते या एका इमारतीत. म्हणून पुढे जे झालं त्याचा राग जास्त आहे. परक्याचा एवढा राग येत नाही.

पुढे जुनी इमारत पाडून नवी बांधली. कपाटं छातीएवढी झाली, खिडक्या मोठ्या झाल्या, पुस्तकं कमी झाली. थ्रीडी प्रिंटर आला, पॉडकास्ट रेकॉर्ड करायची खोली आली, पासपोर्टचे अर्ज घ्यायची खिडकी आली. ज्यांना घर नाही ते उन्हाळ्यात थंडाव्याला येऊन बसतात, त्यांना नोकरीचे अर्ज भरून देण्याचं काम लायब्ररीच्याच माणसांकडे. कामं वाढली तशी माणसं कमी झाली आणि रविवारी दारं बंद राहू लागली. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, सभेत कुणीतरी उठून विचारतंच, सगळं फोनवर मिळतंय तर यासाठी टॅक्स कशाला. याला उत्तर द्यायचं तर लायब्ररीला आकडे लागतात. किती लोक आले, किती पुस्तकं घरी गेली, किती हाताळली गेली. हे सगळं मी स्थानिक बातम्यांत वाचत होते. त्याचा माझ्या आईशी काही संबंध येईल असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

नव्या इमारतीत मराठीचं एक कपाट आलं ते आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या कृपेनं. तेव्हाचे अध्यक्ष प्रभाकर काका, निवृत्त डॉक्टर, इथे आलेल्या अगदी पहिल्या मराठी माणसांपैकी. त्यांनी गणपतीत स्टेजवरून जाहीर केलं की आपली भाषा अमेरिकेच्या पब्लिक लायब्ररीत गेली पाहिजे. टाळ्या पडल्या. लोकांनी पुस्तकं आणून दिली, सगळ्यात जास्त काकांनी. उद्घाटनाला कपाटासमोर नारळ वाढवायचा आमचा बेत होता. लायब्ररीनं कार्पेटकडे बोट दाखवलं तेव्हा फितीवर समाधान मानलं. पैठण्या, फेटे, ढोकळा आणि फोटो. फोटो मंडळाच्या वेबसाइटवर अजून आहे. त्यातल्या एकाही फेट्यानं किंवा पैठणीनं नंतर त्या कपाटातून पुस्तक नेलं असेल तर मला दाखवा. आम्हाला आमची भाषा तिथे असायला हवी होती. वाचायला वेळ कुणाला होता. मलाही नव्हता.

मग बाबा गेले. विनू इंग्लंडला, मी इथे. आई कुणाकडे राहणार हे आम्ही भावंडांनी फोनवर ठरवलं आणि मग तिला विचारलं. घर विकलं, भांडी वाटली, आणि आई एका बॅगेत मावली.

इथे म्हातारं माणूस म्हणजे पार्सल. कुणीतरी उचलायचं, कुणीतरी उतरवायचं. देवळात जायचं तर गाडी, भाजी आणायची तर गाडी, दुसऱ्या एखाद्या आजीकडे जायचं तर दोघींच्या मुलांची कॅलेंडरं जुळायला हवीत. आयुष्यभर बाजारपेठेत स्वतःच्या पायांनी गेलेली माझी आई सोफ्यावर बसून, मी ऑफिसातून कधी येते याची वाट बघायची. आल्यावर विचारायची, "आज कुठे जायचंय का?" आणि मला तिचा राग यायचा, कारण कुठेच जायचं नसायचं.

एके दिवशी मी तिला मागच्या फुटपाथनं लायब्ररी दाखवली. मराठी कपाट बघून ती पुढे झाली. काही पुस्तकं उलटी ठेवलेली होती, कारण ठेवणाऱ्यांना देवनागरी कुठली बाजू वर ते कळत नव्हतं. ती तिनं सुलटी केली, पाठी एका रेषेत आणल्या, आणि मग त्यातलं एक काढून खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.

त्यानंतर ती रोज जायला लागली. जेवण झालं की पाचवारी साडी, पायात ईशाचे जुने बूट, अंगात माझं निळं जॅकेट. संध्याकाळी मी ऑफिसातून येताना तिला घ्यायची. ती गाडीत बसून आज काय वाचलं ते सांगायची, आणि कित्येक महिन्यांनी आमच्याकडे बोलायला काहीतरी होतं. आता ती सोफ्यावर वाट बघत नव्हती. पार्सल स्वतःच्या पायांनी जायला लागलं होतं.

घरी मात्र तिनं एकही पुस्तक आणलं नाही. मी कार्ड काढून देते म्हणाले तर नको म्हणाली. गावीही तिचं असंच होतं. कार्यवाहांच्या बायकोनं चांगलं पुस्तक आधी घरी नेलं असं कुणी म्हणू नये, म्हणून ती दुपारी स्वयंपाकघर आवरून वाचनालयात जायची, बाकावर बसून वाचायची, उठताना जागेवर ठेवून यायची. इथे कोण बोलणार होतं? पण तिचं म्हणणं, कपाट एवढंसं, आपण एक उचलून आणलं आणि नेमकं तेच शोधत कुणी आलं तर? एवढ्या लांबून गाडी करून आलेला माणूस. तो माणूस कधी आला नाही. ती रोज त्याच्यासाठी पुस्तक ठेवून यायची.

टेबलांवर इंग्रजीत पाटी होती, की वाचलेली पुस्तकं कृपया कपाटात ठेवू नका, इथे किंवा ट्रॉलीवर ठेवा. आईनं ती अक्षर अक्षर लावून वाचली होती. मीही वाचली होती. आम्हा दोघींनाही वाटलं, ही पसारा करणाऱ्यांसाठी असणार, पुस्तक भलत्याच जागी खुपसणाऱ्यांसाठी. आपल्याला कशाला सांगतील? आपण कार्यवाहांच्या घरातले. आमच्यासारख्या घरांत सूचना नेहमी दुसऱ्यांसाठीच असतात.

गेल्या ऑगस्टात एक दिवस आई वेळेआधीच घरी आली. मी घरून काम करत होते. "पुस्तकं नाहीत," ती म्हणाली. "पडताळणी चालली असेल."

गावच्या वाचनालयात दर वर्षी सगळी पुस्तकं काढून, पुसून, यादीशी ताडून परत लावायचे. तेवढे दिवस देवघेव बंद. बाबा धुळीनं माखून घरी यायचे. आईच्या डोळ्यांसमोर ते होतं. त्यानंतर ती रोज चालत जाऊन बघून यायची, पडताळणी संपली का. कपाटात कॉमिक्स लागली होती. आईला वाटलं तात्पुरती ठेवलीत. मला कळून चुकलं होतं, पण सांगायचा धीर होईना.

शनिवारी मी एकटी गेले. तिथली ग्रंथपाल एमिली, तिशीतली मुलगी, आवाज मऊ. तिनं मला खुर्ची दिली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. ज्या पुस्तकांचा वापर होत नाही ती काढावी लागतात, तिच्या भाषेत वीडिंग, म्हणजे आपल्याकडची खुरपणी. मराठीच्या रांगेत सगळीकडे शून्य होतं. उद्घाटनानंतर एकही पुस्तक कुणी नेलं नव्हतं. मी म्हणाले, माझी आई रोज इथे बसून तीच वाचते. एमिलीचा चेहरा उजळला. म्हणजे त्या निळ्या जॅकेटवाल्या, खिडकीपाशी बसतात त्या? त्या सगळ्यांना माहीत होत्या, सगळ्यांच्या लाडक्या होत्या. म्हणजे माझ्या आईला तिथे सगळ्यांनी रोज वाचताना पाहिलं होतं. फक्त यंत्रानं पाहिलं नव्हतं.

मग तिनं सांगितलं की टेबलावर आणि ट्रॉलीवर राहिलेली पुस्तकं रोज संध्याकाळी स्कॅन होतात, घरी न नेता वाचलेली पुस्तकं तशीच मोजली जातात. पाटी त्यासाठीच असते. बोलता बोलता तिनं स्क्रीनवरच्या शून्यांकडे पाहिलं.

"शी पुट देम बॅक हरसेल्फ?" तिनं हळूच विचारलं.

मी मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी कबूल करते. पण तिच्या पाण्याचं मी काय करणार? कुणी हात लावला होता असं वाटू नये, असं पुस्तक ठेवावं. आईनं तसंच ठेवलं, आणि लायब्ररीला तसंच वाटलं.

पुस्तकं कुठे गेली, विचारलं. काही जुन्या पुस्तकांच्या विक्रीत, राहिलेली रद्दीत. मंडळाला परत न्या म्हणून आधी ईमेल केला होता, उत्तर आलं नाही. मी तिथूनच प्रभाकर काकांना फोन लावला. त्यांना आठवत होतं. "अगं, आला होता मेल, नव्या कमिटीनं मला फॉरवर्ड केला होता," ते म्हणाले. "पण ठेवणार कुठे सांग? माझं बेसमेंट आत्ता कुठे मोकळं झालंय."

मला त्या क्षणी फेटे आठवले, फीत आठवली. भाषेची सेवा म्हणून आम्ही काकांचं बेसमेंट रिकामं करून दिलं होतं. पुढच्या गणपतीत ते मला भेटले, माझ्या हातात मोदक ठेवला आणि आई कशी आहे विचारलं. मी म्हणाले, "मजेत आहे." आपल्या माणसाला आपण तोंडावर बोलत नाही, ती खुमखुमी आपण अशी लिहून भागवतो.

ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकणाऱ्या ईशाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मॉम, सिस्टिममध्ये नसेल तर त्यांना कसं कळणार? दॅट्स नॉट रेसिझम, दॅट्स जस्ट डेटा." मी रेसिझम म्हणालेच नव्हते. तिचं बरोबर होतं, त्यामुळे आणखी चीड आली.

रविवारी विनूचा इंग्लंडहून फोन आला, त्याला सगळं सांगितलं. तो हसला. त्याच्या गावातली छोटी लायब्ररी तिथल्या कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेला, परवडेना. आधी तास कमी केले, मग पगारी माणसं काढली, मग बंद करतो म्हणाले. शेवटी गावातल्या लोकांनीच ती चालवायला घेतली. विनू शनिवारी तिथे काउंटरवर फुकट बसतो. कार्यवाहांचा मुलगा तो. "ताई, आमच्याकडे संध्याकाळी आम्हीच पाच-दहा पुस्तकं काढून टेबलावर पसरतो," तो म्हणाला. "मोजणीत यायला. आईला सांग, वाचून झालं की टाकून उठायचं. सोपं आहे."

मुक्तद्वार, फुकट वाचन, कुणीही यावं, ही सगळी रीत ज्या साहेबाकडून आपल्याकडे आली म्हणतात, त्याच्या घरी आता आकडा दिसावा म्हणून पुस्तकं पसरावी लागतात. आमच्या गावी तरी काय वेगळं आहे? मागच्या खेपेला मी वाचनालयात गेले होते. वाचनकक्षाची अभ्यासिका झालीय. मुलं स्पर्धा परीक्षांची स्वतःची पुस्तकं घेऊन येतात आणि दिवसभर पाठ करतात. कादंबऱ्यांची कपाटं आहेत, कुलपात. आई बसायची तो बाक कुठे गेला ते कुणाला सांगता आलं नाही. मुलांनाही जागा हवीच की. बाबा असते तर म्हणाले असते, जाणाऱ्यानं जागा मोकळी करून जावं. माझी मोकळी झाली, आईची झाली, बाबांची झाली.

एमिलीनं मात्र खरंच खटपट केली. काउंटीच्या मोठ्या लायब्ररीत मराठीची थोडी पुस्तकं होती, त्यातली पेटीभर तिनं मागवून घेतली. उन्हाळ्यापर्यंत प्रयोग म्हणून, खालच्या एका फळीवर. वापर दिसला तर राहतील, नाही तर परत जातील. तिनं मला दोनदा बजावलं, आईला सांगा, वाचून झालं की ट्रॉलीवर.

त्या रात्री जेवताना मी आईला सगळं सांगितलं. ती पडताळणी नव्हती, हेही सांगितलं. तिनं भात कालवता कालवता ऐकून घेतलं. "म्हणजे मी वाचलेलं कुणाला कळलंच नाही," एवढं म्हणाली आणि ताटातलं संपवलं. मी तिला समजावलं, विनूचं सांगितलं, की आता वाचून झालं की पुस्तक तसंच टेबलावर सोडायचं, एवढं एकच करायचं आहे, नाही तर ही फळीसुद्धा जाईल.

"ते मला जमायचं नाही," आई म्हणाली.

मी चिडले. पुस्तकं राहायला हवीत की तुझी सवय, असं काहीबाही बोलले. ती फळी गेली तर ती पुन्हा सोफ्यावर येऊन बसणार होती, हे मला दिसत होतं, आणि तिलाही दिसत असणार. ती उठली, स्वतःचं ताट विसळलं, ओटा पुसला. डिशवॉशर आहे हे मी तिला हजारदा सांगितलंय. मग फडकं वाळत टाकून म्हणाली, "पाहुणे उठून जातात गं. घरचं माणूस आवरून उठतं."

या देशात मी सगळं कमावलं, पासपोर्टसुद्धा. पण इथली कुठलीही जागा आवरून उठावी असं मला वाटलेलं नाही. माझ्या मानानं आई इथे परवाच आलीय, तिला ना इथली भाषा येते ना इथला रस्ता ओलांडता येतो, आणि तिनं एक खुर्ची आणि एक फळी घरची म्हणून धरली होती. त्याच घरच्या वागण्यानं तिला शून्य मिळालं. पाहुण्यासारखी वागली असती तर मोजली गेली असती.

म्हणून आता मी पाहुणी होते. संध्याकाळी तिला घ्यायला जाते, ती गाडीत बसते, आणि एक काम राहिलं म्हणून मी आत जाते. तिनं दुपारभर वाचून नीट जागेवर ठेवलेलं पुस्तक फळीवरून काढते, आणखी एक-दोन काढते, आणि ट्रॉलीवर टाकते. हात धजत नाही. बाबांच्या हाताखाली वाढलेला हात आहे. एखादं उघडं, पालथं टाकते, खरं वाटावं म्हणून. एमिली बघते आणि दुसरीकडे बघते. महिन्याचा आकडा चांगला येतोय. कागदोपत्री आमच्या उपनगरात मराठी बरीच वाचली जाते.

तुम्ही मला पत्रांतून, फोनवर विचारता, की आता घर कुठलं. तिकडचं विकलं. इकडच्या घराचे हप्ते चालू आहेत, ते बँकेचं. उरली ती खालची फळी. तिच्यापुढे आई रोज घर आवरते आणि तिच्या पाठीमागे मी रोज ते विस्कटते, ते टिकावं म्हणून.

परवा गाडीत बसल्यावर आई नेहमीसारखी पुस्तकाबद्दल बोलली नाही. खुशीत दिसत होती. तळं मागे पडलं तशी म्हणाली, "अगं, हल्ली इथे दुसरं कुणीतरी मराठी वाचायला येतंय. मी ठेवलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी जागेवर नसतं. कधी उलटं असतं, कधी ट्रॉलीवर."

मी गाडीचा आरसा सारखा केला.

"वळण नाही त्याला," आई म्हणाली. "पण येतंय कुणीतरी."